पंचविसाव्या हिश्शाची मोटार

आमच्या माजघरांतील कपाटावर एक रंगीत खोकें सात महिने पडून होतें. धूळ झटकण्याच्या निमित्तानेंही त्यास कोणी हात लावीत नसे. तें खोकें आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं पुतण्यासाठीं अमेरिकेंतून धाडलेलें. ते उत्तर कॅरोलिनांतील शार्लट शहरीं नोकरीस आहेत. तो मुलूख मोटारींच्या शर्यतींचा. तेथें या शर्यतींचें एक मोठें संग्रहालयही २०१० पासून आहे. तेव्हां पुतण्यास भेट पाठवावयाची तर ती शर्यतीच्या मोटारीची, असें त्यांच्या मनांत आलें यांत नवल नाहीं. ही मोटार आयती नव्हे. प्लॅस्टिकचे लहानमोठे पुष्कळ भाग एका चौकटीस लोंबत असतात. ते आपण सुटे करावयाचे, चिकटवावयाचे व रंगवावयाचे.

परंतु मोटार म्हणून जी कांहीं वस्तु असेल ती या घरांत नको, असें आमच्या थोरल्या सूनबाईंनीं सांगितलें होतें. आणि तसें सांगण्याचा त्यांस अधिकार होता. दोन वर्षांपूर्वीं आमचे थोरले चिरंजीव पुण्याहून परत येतांना घाटांत अपघातानें गेले. गाडी स्नेह्यांची होती. पुढें बसलेले दोघे वांचले. हे मागें बसले होते. त्या दिवसापासून त्यांचा मुलगा, ज्याचें वय आज अकरा आहे, चारचाकी वाहनांत बसला नाहीं. पनवेलांतल्या पनवेलांत तो पायीं जातो. मुंबईस जावयाचें झालें तर आगगाडीनें. कोणी आग्रह केला तर रडत नाहीं कीं ओरडत नाहीं. चपला काढतो आणि ओट्यावर जाऊन बसतो. घरांत आम्ही नऊ माणसें. त्यांपैकीं एकानेंही या गोष्टीचा त्याजपाशीं उच्चार केला नव्हता. मौनं सर्वार्थसाधनम् असें आम्ही वर्गांत शिकवीत आलों. घरांत त्यानें काय साधलें तें दिसतच होतें.

आषाढांत चार दिवस संततधार लागली. शाळेस सुटी. मुलगा आमच्याजवळ येऊन म्हणाला, “आजोबा, त्या खोक्यांत काय आहे तें मला ठाऊक आहे.”

“मग?”

“ती गाडी चालत नाहीं ना?”

“नाहीं. नुसती दिसावयाची.”

“मग काढूं या.”

हें बोलणें स्वयंपाकघरांत ऐकूं जाण्याइतकें मोठ्यानें झालें. आंतून उत्तर आलें नाहीं. तीच संमति असें समजून आम्हीं स्टुलावर चढून खोकें काढलें. (या वयांत स्टुलावर चढल्याबद्दल मागाहून जें ऐकावें लागलें तें निराळें.)

गाडी होती १९७० सालची प्लिमथ सुपरबर्ड, क्रमांक ४३, चालक रिचर्ड पेटी. आमचें या विषयांतलें ज्ञान त्या दिवसापर्यंत शून्य होतें. परंतु शिकविण्याची संवय अशी कीं मुलाच्या एक धडा पुढें राहिलें नाहीं तर आम्हांस झोंप येत नाहीं. चिरंजीवांस रात्रीं फोन करून विचारलें, कांहीं स्वतः शोधलें. ज्यांस ‘स्टॉक कार’ म्हणतात त्या मूळच्या दुकानांत विकावयास ठेवलेल्या गाड्या. त्यांच्या शर्यती चालविणारी ‘नॅसकार’ ही संस्था १९४८ सालीं फ्लॉरिडांत डेटोना येथें निघाली. शर्यतींत उतरवावयाची गाडी गिऱ्हाइकासही विकली पाहिजे, असा दंडक असल्यामुळें या लांब चोंचीच्या व पाठीवर उंच पंख असलेल्या विचित्र गाड्याही त्या कंपनीनें सुमारें १९०० करून बाजारांत आणिल्या. पेटी यांनीं आपल्या आयुष्यांत २०० शर्यती जिंकल्या. मुलानें हा आंकडा ऐकून घेतला व “बरं” म्हटलें. त्याचें चित्त नकाशावर होतें.

प्रमाण एकास पंचवीस. आम्हीं पाटी घेतली. मूळ गाडी २२१ इंच लांब, भागिले २५, नऊ इंचांस थोडी कमी. मुलानें पट्टीनें सांचा मोजला आणि उत्तर बरोबर आलेलें पाहून प्रथमच हंसला.

भाग चौकटींतून ओढून तोडावयाचे नाहींत, कापावयाचे. त्यासाठीं निराळी पक्कड मिळते, आम्हीं नखें कापण्याच्या कात्रीवर भागविलें. सांच्यांतून सुटतांना भागांवर तेलकटपणा राहतो, तो साबणाच्या पाण्यानें धुवावा लागतो, नाहीं तर रंग धरत नाहीं. तुटल्या जागीं उरलेली गांठ बारीक पॉलिशपेपरानें घासावयाची. चिकटविण्याच्या द्रव्याचें मात्र आम्हांस फार कौतुक वाटलें. खळ किंवा फेव्हिकोल दोन वस्तूंच्या मध्यें बसतो. हें द्रव्य मध्यें बसत नाहीं. तें दोन्ही कडा विरघळवितें, त्या एकमेकींत मिसळतात, आणि द्रव्य उडून गेल्यावर जोड म्हणून कांहीं उरतच नाहीं. हा संधि झाला. अ आणि इ मिळून ए होतो, तेव्हां अ कोठें संपला आणि इ कोठें सुरू झाली हें कोणी दाखवावें! मुलास संस्कृत यंदापासून आहे. गुणसंधि त्यास तेथेंच कळला. दोन वर्षांपासून आमचा उजवा हात थोडा कांपतो, म्हणून त्या द्रव्याचा एक थेंब छपरावर पडला आणि तो पुसावयास गेलेल्या अंगठ्याचा ठसा प्लॅस्टिकांत उमटला. छत्तीस वर्षें ज्या हातानें फळ्यावर लिहिलें त्याची ही अवस्था पाहून आम्ही ओशाळलों. मुलगा कांहीं न बोलता छप्पर घासूं लागला, आणि पुढें बारीक कामें आपण होऊन त्यानेंच घेतलीं.

रंगानें मात्र आम्हांस दगा दिला. फवाऱ्याचे डबे विमानाच्या टपालानें पाठवितां येत नाहींत, कारण ते ज्वालाग्राही. म्हणून येथील बाजारांतून एक डबा आणून श्रावणांतल्या एका उघडिपींत गच्चीवर फवारा मारला. पांच मिनिटांत निळा रंग ताकासारखा पांढुरका झाला. आमच्या गल्लीच्या टोंकास गणपतीचा कारखाना आहे. तेथील कारागीर आमच्या हाताखालून गेलेला विद्यार्थी. त्यास दाखविलें तेव्हां तो म्हणाला, “गुरुजी, या हवेंत हें व्हायचंच. रंगांतला पातळ अंश उडतांना पृष्ठभाग गार होतो, आणि हवेंतलें पाणी त्याच्यावर बसतं. आतां आम्हांला श्वास घ्यायला फुरसत नाहीं. बाप्पा जाऊं द्यात, मग या.”

अनंतचतुर्दशीनंतर पाऊस उघडला व आम्ही दोघे गाडी डब्यांत घालून त्याच्याकडे गेलों. पेटी यांच्या निळ्याची अशी कथा सांगतात कीं, त्यांच्या कारखान्यांत एकदां पांढराही पुरेना आणि निळाही पुरेना, म्हणून दोन्ही एकत्र ओतले. कारागिरानें तसेंच केलें. चित्र समोर ठेवून पांढऱ्यांत निळा थोडाथोडा सोडीत गेला, बोटावर लावून उजेडांत पाहिलें, आणि हवेच्या दाबाच्या पिचकारीनें इतके विरळ थर दिले कीं पहिल्या दोहोंनीं कांहीं रंगलें असें वाटेचना. शेवटला थर त्यानें मुलाच्या हातून देवविला. “मूर्तीचे डोळे आम्ही सर्वांत शेवटीं आखतों,” तो म्हणाला, “तसे तुझे हे आंकडे शेवटीं.” ४३ हा आंकडा पातळ पापुद्र्यावर छापलेला असतो, कोमट पाण्यांत अर्धें मिनिट भिजवून कागदावरून अलगद सरकवावयाचा. दाराच्या दोन्ही बाजूंचे आंकडे मुलानें श्वास रोखून बसविले.

आतां जें सांगावयाचें तें याच्या आधींचें, भाद्रपदांतलें आहे. छप्पर बसविण्यापूर्वीं आंतील पिंजरा जोडावयाचा होता. शर्यतीच्या गाडींत चालकाभोंवतीं पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो. गाडी उलटली तरी छप्पर दबून डोक्यावर येऊं नये म्हणून. मुलानें तो तळहातावर धरून विचारलें, “बाबांच्या गाडींत हा होता?”

“नव्हता. रस्त्यावरच्या गाड्यांत नसतो.”

“मग काय असतं?”

“पट्टा असतो.”

“मागंही?”

“मागेंही.”

तो आमच्याकडे पाहत राहिला. आम्हांस तेथें थांबतां आलें असतें. परंतु त्या अपघाताच्या आदल्या वर्षीं आम्ही सर्व भाड्याच्या गाडीनें अलिबागेस गेलों होतों. आमचे चिरंजीव मागें बसून पट्टा ओढूं लागले, तेव्हां आम्हींच म्हटलें होतें, “मागें बसणारास पट्टा कशाला? आपण काय विमानानें चाललों आहों?” सर्व हंसले. त्यांनीं पट्टा सोडून दिला. घाटांतल्या त्या दिवशीं त्यांनीं पट्टा बांधला नव्हता. आमच्या वाक्यामुळें बांधला नाहीं असें कोणी म्हणूं शकत नाहीं. परंतु वाक्य आमचें होतें, आणि दोन वर्षांत असा दिवस गेला नाहीं कीं तें आम्हांस ऐकूं आलें नाहीं. खांद्यावरून व कमरेवरून जाणारा हा पट्टा १९५९ पासून गाड्यांत बसूं लागला. मागील उतारूंनींही तो बांधावा असा आपल्याकडे नियम आहे; २०१९ पासून न बांधणारास १००० रुपये दंड आहे. हें सर्व आम्ही मागाहून वाचलें. विनोद आधीं करून झाला होता.

आम्हीं मुलास सगळें सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें. मग म्हणाला, “मला ठाऊक आहे. अलिबागला मी त्याच गाडींत होतों.”

बराच वेळ आम्ही दोघेही बोललों नाहीं. नंतर त्यानें चिकटविण्याची बाटली मागितली, आणि पिंजऱ्याचे चारही पाय एकएक करून बसविले.

दिवाळीच्या तोंडावर गाडी पुरी होत आली तेव्हां एक वाद झाला. १९७० च्याच मे महिन्यांत डार्लिंगटन येथें पेटी यांची दुसरी एक प्लिमथ भिंतीवर आदळून अनेक वेळां उलटली, आणि बेशुद्ध पेटी यांचें खांद्यापासूनचें अंग खिडकीबाहेर लोंबत असलेलें लोकांनीं पाहिलें. ते वांचले. त्यानंतर चालकाच्या खिडकीस जाळी बांधण्याचा नियम झाला. हें ऐकल्यावर मुलगा म्हणाला, आपल्या गाडीस जाळी पाहिजे. आम्हीं म्हटलें, सुपरबर्डला तेव्हां जाळी नव्हती; नकाशांतही नाहीं; प्रतिकृति म्हणजे मुळाबरहुकूम हवी. “असूं दे,” तो म्हणाला, “त्याचा हात बाहेर येईल.”

सूनबाई इतके महिने त्या टेबलाकडे फिरकल्या नव्हत्या. त्या उठल्या, जुन्या मच्छरदाणीचा टीचभर तुकडा आणला, काळ्या दोऱ्यानें त्याच्या कडा शिवल्या, आणि मुलासमोर ठेवून परत आंत गेल्या. आमचा मुळाबरहुकूमपणा तेथें संपला.

कार्तिकांत भाच्याच्या गाडीनें कर्नाळ्यास जाण्याचें ठरलें. येथून दहाबारा किलोमीटर. मुलास कोणीं ‘चल’ म्हटलें नाहीं. आम्ही मागच्या आसनावर बसून पट्टा ओढला. हात कांपत असल्यामुळें त्याची जीभ खांचेंत जाईना. मुलगा ओट्यावरून पाहत होता. उठून आला, दुसऱ्या बाजूनें आंत शिरला, आमचा पट्टा बसविला, खटका ऐकला, मग स्वतःचा बसविला. त्याच्या पलीकडे सूनबाई बसल्या. कर्नाळ्यापर्यंत तो एक अक्षर बोलला नाहीं. आमच्या बाहीचें टोंक तेवढें मुठींत घट्ट धरून होता. गाडींतून उतरल्यावर म्हणाला, “आई, डब्यांत काय आहे? भूक लागली.”