शीड की यंत्र?

नांदेड-लातूरकडच्या माणसाने होडीच्या निवडीविषयी लिहावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांनी मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले होते. अशी आठवण ज्यांच्यापाशी आहे, त्यांना पाण्यावरची सहल ही चैन वाटली तर दोष कसा द्यावा? पण मांजरा धरण पुन्हा भरते, विष्णुपुरीचा शंकरसागर काठोकाठ होतो आणि काठावरची मुले विचारतात, ‘आपण आत कधी जायचे?’

आमच्या घरी हा प्रश्न मालवणच्या सहलीच्या निमित्ताने निघाला. दादांचा कौल यंत्राच्या होडीला, माझा शिडाला. खारे आणि मतलई वारे आपण शाळेत परीक्षेपुरते पाठ केले. कोकणातल्या मच्छिमारांनी त्यांच्यावर संसार चालवले. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरून खारा वारा आत येतो. रात्री याच्या उलट. पहाटेच्या मतलईवर बाहेर पडावे, दुपारच्या खाऱ्यावर घरी यावे. मात्र शिडाच्या होडीला वाऱ्याच्या थेट तोंडावर चालता येत नाही. आधी एका अंगाने तिरपी, मग दुसऱ्या अंगाने, अशी ती नागमोडी सरकते. बंदर समोर दिसत असते आणि हाती लागत नाही. शिवाय ती एका कुशीवर कलते. नावाड्याला ते नित्याचे; प्रथमच बसणाऱ्याचा जीव गोळा होतो. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, हे मी दादांना ऐकवले.

‘त्यांच्याबरोबर आई नव्हती,’ दादा म्हणाले.

आईचे माहेर गोदाकाठचे. तिच्या लेखी होडी म्हणजे सहल नव्हेच. पावसाळ्यात पैलतीरी जायचे तर नावाड्याची वाट पाहायची. पाणी चढले तर मागे फिरायचे, मग सोबत बाळंतीण असो की तापाने फणफणलेले मूल. नाव पाण्यात असेतो कोणी बोलायचे नाही, हा तिच्या आईचा दंडक. अशा माणसाला वाऱ्याची गंमत काय सांगणार? तिला हवा असतो परतीचा भरवसा. तो यंत्र देते. वारा पडो की ढग दाटोत, सुकाणू वळवले की धक्का गाठता येतो. डिझेलचा वास आणि धडधड ही त्याची किंमत; ती मोजून आम्ही सिंधुदुर्ग किल्ला यंत्राच्या होडीनेच पाहिला.

शंकरसागराची गोष्ट निराळी. ते पाणी नांदेड शहर पिते. त्यावर तेलाचा तवंग कशाला? तिथे शिडाची नाहीतर साध्या वल्ह्यांचीच होडी असावी, असे माझे ठाम मत आहे. दादांना अजून ते पटलेले नाही.

जीवरक्षक जॅकेटाबाबत मात्र आमच्यात वाद नाही. दर ठरवण्याआधी मुलांच्या मापाची जॅकेटे आहेत का, हे तुम्हीही विचारा. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाच्या अंगातून वर निसटते. मालवणच्या धक्क्यावर आईने जॅकेट नऊवारीवरून चढवले, पट्टे स्वतः आवळून घेतले आणि किल्ल्याच्या पायरीवर पाऊल पडेपर्यंत ती कोणाशी एक शब्द बोलली नाही.