दारव्ह्याच्या भिंतीवरची आन्सोनिया

दारव्हा, जि. यवतमाळ

चि. सई,

ओसरीवरच्या घड्याळावर अमेरिकेचं नाव कसं, असं तू विचारलंस. आन्सोनिया हे तुझ्याच कनेटिकटमधलं गाव. पण गोष्ट सुरू होते ती माणसाहून उंच घड्याळांपासून.

सेकंदाला एक ठोका पडायचा तर लंबक जवळजवळ मीटरभर लांब हवा, आणि वजनांना आठ दिवस खाली उतरायला जागा हवी. म्हणून ती उंच पेटी. मॅसॅच्युसेट्सचा सायमन विलार्ड (१७५३–१८४८) अशी पितळी यंत्राची घड्याळं घडवायचा. काम अतिशय देखणं, पण परवडायचं ते सधन घरांनाच.

कनेटिकटच्या एली टेरीनं लाकडी चाकांच्या घड्याळांचा धंदाच बदलून टाकला. १८०६ मध्ये त्यानं पोर्टर मंडळींशी करार केला: तीन वर्षांत ४,००० यंत्रं, एकेक ४ डॉलरला. आधी बराच काळ कारखाना उभारण्यातच गेला. मग पाण्याच्या जोरावर एकसारखी चाकं भराभर निघू लागली. पेटी गिऱ्हाइकानं गावच्या सुताराकडून करून घ्यायची. टेरीच्या कारखान्यात सेथ थॉमस नावाचा एक सुतारही होता. पुढे त्याच्या नावाची कंपनी जगभर पोचली. घड्याळ सामान्यांच्या घरात आणलं ते टेरीनं, आणि मी त्याला विलार्डपेक्षा मोठा मानतो.

लाकूड मात्र दमट हवेत फुगतं. समुद्रप्रवास त्याला सोसत नाही. १८३८ च्या सुमारास चॉन्सी जेरोमनं पितळी पत्र्याची स्वस्त यंत्रं काढली. १८४२ मध्ये त्याचा माल इंग्लंडला पोचला, तेव्हा कस्टमवाल्यांना लिहिलेली किंमत खोटीच वाटली. त्याच भावानं त्यांनी सगळी घड्याळं स्वतः विकत घेतली! जेरोमनं लगेच दुसरी खेप धाडली.

पुढे अशी भिंतघड्याळं मुंबईत उतरू लागली. वऱ्हाडचा कापूस मुंबईला जायचा आणि कापसाच्या पैशातून घड्याळ घरी यायचं. आपल्या घड्याळात वजनांऐवजी स्प्रिंगा आहेत, म्हणून ते ठेंगणं. तबकडीवर चाबीची दोन भोकं आहेत: उजवं चालीचं, डावं टोल्यांचं. दर रविवारी दोन्हीकडे चाबी द्यावी लागते. १९२९ मध्ये आन्सोनिया कंपनीची यंत्रसामग्री रशियाला विकली गेली, त्यामुळे सुटा भाग हवा तर जुन्या घड्याळातूनच काढावा लागतो.

तुझ्याजवळच ब्रिस्टलला घड्याळांचं संग्रहालय आहे. तिथे टेरीची लाकडी चाकं नीट बघून ये आणि दाते कसे कापलेत ते मला सविस्तर लिही.

तुझा काका