४६,०३९

२०१८ च्या डिसेंबरात आम्ही मुलीकडे, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील संडरलंडला होतो. नाताळच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी एक जादा तिकीट आमच्या हाती ठेवले. फुटबॉलमधले आम्हांस काही कळत नाही, हे सांगून पाहिले. त्यांनी ते मनावर घेतले नाही.

१९९३ साली बंद पडलेल्या कोळसाखाणीच्या जागेवर चार वर्षांनी हे स्टेडियम उभे राहिले. बाहेर खाणकामगाराच्या दिव्याचे शिल्प आहे. सामना ब्रॅडफर्ड सिटीशी, तोही इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या श्रेणीतला. आणि प्रेक्षक ४६,०३९! या श्रेणीला २००४ मध्ये 'लीग वन' हे नाव मिळाले, तेव्हापासून एवढी गर्दी तिच्या एकाही सामन्याला झाली नव्हती. आणि हा क्लब तर लागोपाठ दोन वर्षे तळाला राहून, दोन पायऱ्या खाली कोसळलेला.

अशा कोसळण्याचा हिशेब आम्ही नंतर, शिक्षकी खोडीप्रमाणे, वाचून काढला. २०१६-१७ मध्ये संडरलंड प्रीमियर लीगमध्ये विसावे, म्हणजे शेवटचे आले. तरी लीगच्या सामाईक उत्पन्नातून, जे मुख्यत: दूरचित्रवाणीच्या हक्कांचे असते, त्यांना ९ कोटी पौंडांहून अधिक मिळाले. श्रेणी गेली की हा झरा आटतो. धक्का सोसवावा म्हणून उतरलेल्या क्लबास काही काळ 'पॅराशूट' रक्कम देतात : समान वाट्याच्या पहिल्या वर्षी ५५ टक्के, मग ४५, मग २०. खेळाडूंचे करार मात्र वरच्या श्रेणीत असताना, वरच्याच भावाने झालेले असतात. मग खेळाडू विकले जातात आणि कार्यालयातल्या, गोल कधीच न चुकवलेल्या माणसांच्या नोकऱ्या जातात.

प्रेक्षकांचे गणित निराळे. प्रीमियर लीगच्या त्या अखेरच्या हंगामात सरासरी उपस्थिती ४० हजारांच्या पुढे होती. दुसऱ्या श्रेणीत ती २८ हजारांच्या आसपास आली. येथवर सारे अपेक्षेप्रमाणे. पण तिसऱ्या श्रेणीत गेल्यावर ती पुन्हा ३० हजारांवर चढली! कारण गूढ नाही. डिसेंबर २०१६ ते डिसेंबर २०१७ या जवळजवळ वर्षभरात संघाने घरच्या मैदानावर एकही सामना जिंकला नव्हता. खालच्या श्रेणीत तो जिंकू लागला. लोक श्रेणी पाहत नव्हते. शनिवारी घरी परतताना सोबत काही घेऊन जाता येईल का, एवढेच पाहत होते. तिकिटांच्या पैशाने दूरचित्रवाणीचा खड्डा भरत नाही, हे खरेच. पण आम्हांस त्या दिवशी पैसा आठवत नव्हता.

आठवत होता तो आमचा वर्ग. एका तालुक्याच्या गावी आम्ही बत्तीस वर्षे मराठी शिकवले. प्रारंभी विशेष स्तराच्या वर्गात साठ विद्यार्थी असत. निवृत्तीच्या वर्षी नऊ. पट घटला, कार्यभार घटला आणि तासिका तत्त्वावरील आमच्या तरुण सहकाऱ्याला 'पुढील वर्षी येऊ नये' असे सांगण्यात आले. निरोपसमारंभात आम्ही नव्या पिढीच्या साहित्यविमुखतेवर पाऊण तास बोललो. टाळ्याही मिळाल्या. त्याच अखेरच्या वर्षांत आम्ही जुन्याच पिवळ्या टिपणांवरून शिकवत होतो, हे मात्र बोललो नाही. ब्रॅडफर्डविरुद्धचा तो १-० असा ओढूनताणून मिळवलेला विजय पाहून शेजारचे गृहस्थ आम्हांस मिठी मारते झाले, तेव्हा ते भाषण आठवून आम्हांस मेल्याहून मेल्यासारखे झाले.

संडरलंडला त्या श्रेणीत चार हंगाम काढावे लागले. २०२२ मध्ये ते एक पायरी चढले आणि मे २०२५ मध्ये वेम्बलीवर शेफील्ड युनायटेडला २-१ असे हरवून प्रीमियर लीगमध्ये परतले. तिथे येणारा पैसा इतका, की त्या सामन्याला फुटबॉलमधला सर्वांत मोलाचा सामना म्हणतात. आम्ही उत्साहाने त्या सहकाऱ्याला फोन केला. आता तो स्पर्धापरीक्षांचे वर्ग घेतो. सारी कथा त्याने शांतपणे ऐकून घेतली.

"सर," तो म्हणाला, "ज्यांना काढले होते, त्यांना परत बोलावले का?"

आम्ही त्याच्या मुलाच्या शाळेची चौकशी केली.