वर्षातून चार हप्ते

न्यू जर्सीत घर घेतलेल्या आपल्या मंडळींकडे दर तीन महिन्यांनी दोन गोष्टी ठरलेल्या. एक हे त्रैमासिक आणि दुसरा प्रॉपर्टी टॅक्सचा हप्ता. त्रैमासिकाला कधीमधी उशीर होतो (संपादक मंडळींनी रागावू नये), हप्त्याची तारीख मात्र चुकत नाही. २०२४ साली राज्यातलं सरासरी वार्षिक बिल प्रथमच १० हजार डॉलरच्या वर गेलं. त्यातले निम्म्याहून अधिक पैसे शाळांना जातात.

आपल्या कुठल्याही पॉटलकला जा. मसालेभाताची पहिली वाढ होईपर्यंत ‘टॅक्स फार झाले हो इथं’ ह्यावर सगळ्यांचं एकमत झालेलं असतं. दुसऱ्या वाढीला तीच मंडळी सांगतात की मुलाच्या वर्गात फार गर्दी आहे, शाळेची बस बंद झाली आणि लायब्ररी रविवारी उघडत नाही. ही दोन वाक्यं एकाच ताटातली आहेत, हे कुणी बोलून दाखवत नाही.

मी १९८८ साली आलो. १९९० मध्ये गव्हर्नर फ्लोरिओ ह्यांनी तूट भरून काढायला आणि गरीब गावांतल्या शाळांना मदत द्यायला एका झटक्यात २८० कोटी डॉलरचे कर वाढवले. सेल्स टॅक्स ६ टक्क्यांचा ७ झाला, आणि तो टॉयलेट पेपरवरसुद्धा लागला! त्या उन्हाळ्यात वडील आमच्याकडे आले होते. लोक एवढे का चिडलेत, असं त्यांनी विचारलं. मी कारण सांगितल्यावर ते बराच वेळ हसत होते. म्हणाले, ‘अरे, पाणी वापरा म्हणावं.’ फ्लोरिओ १९९३ ची निवडणूक थोडक्यात हरले. क्रिस्टीन व्हिटमन ह्यांनी इन्कम टॅक्स ३० टक्के कमी करायचं वचन दिलं आणि ते पाळलंही.

पण राज्य म्हणजे वॉशिंग्टन नव्हे. इथल्या राज्यघटनेप्रमाणे बजेट जमाखर्च जुळवूनच मंजूर व्हावं लागतं, आणि तेही ३० जूनच्या आत. मग कर कमी केले तर खर्च तरी कापा, नाहीतर तिसरी वाट धरा, म्हणजे पुढच्यावर ढकला. सरकारी नोकरांच्या पेन्शनचं तेच झालं. दोन्ही पक्षांच्या गव्हर्नरांनी वर्षानुवर्षं त्यात पुरते पैसे घातले नाहीत. पूर्ण हप्ता भरला गेला तो थेट २०२१-२२ च्या बजेटात, सुमारे २५ वर्षांनी. आपल्यापैकी कुणी घराचा हप्ता असा भरून पाहावा!

२००६ साली तर कर वाढवायचे की नाही ह्या भांडणात जुलैचा पहिला आठवडा राज्य सरकारच बंद पडलं. सरकारी तपासनीस कामावर नाहीत म्हणून अटलांटिक सिटीचे कॅसिनोसुद्धा तीन दिवस बंद होते. शेवटी सेल्स टॅक्स पुन्हा ७ टक्के झाला. (आता तो ६.६२५ आहे. कपड्यांवर आणि बहुतेक वाणसामानावर नाही, हे पाहुण्यांना आपण मोठ्या अभिमानाने सांगतो.)

पण हे सगळं वर्तमानपत्रातलं. आमच्या घरात बजेट शिरलं ते २०१० साली. मंदीमुळे राज्याचं उत्पन्न आटलं होतं. गव्हर्नर क्रिस्टी ह्यांनी कर वाढवायला साफ नकार दिला आणि शाळांची मदत सुमारे ८२ कोटी डॉलरनी कापली. तेव्हा शाळांच्या बजेटवर गावोगाव एप्रिलमध्ये मतदान होत असे. जिथं शिक्षकांनी पगारवाढ सोडली नाही तिथं ‘नाही’ म्हणा, असं गव्हर्नरांनी उघड सांगितलं. राज्यातली निम्म्याहून अधिक बजेटं पडली. आमच्या गावाचंही पडलं.

सौ. तेव्हा एका शाळेत मदतनीस होती. ज्या मुलांना शिकायला जड जातं त्यांच्याशेजारी बसायचं, वही उघडून द्यायची, चिडला तर बाहेर फिरवून आणायचं. पगार यथातथाच. मे महिन्यात तिचे तास निम्मे झाले आणि त्याबरोबर आरोग्यविमाही गेला. माझा होता म्हणून आमचं भागलं. तिच्याबरोबरच्या एकटीने मुलं वाढवणाऱ्या एका बाईचं भागलं नाही.

पुढच्याच आठवड्यात एका मुंजीला आमचे एक स्नेही मोठ्या खुशीत सांगत होते, ‘मी तर ठोकून नाही म्हटलं. ह्यांना शिस्त लागलीच पाहिजे.’ सौ. ताक वाढत होती. तिने शांतपणे आपले तास सांगितले. स्नेही गडबडले. ‘अहो वहिनी, तुमच्याबद्दल नव्हतं हो ते!’ त्यावर ती म्हणाली, ‘मतपत्रिकेवर माझं नाव नव्हतंच, भावजी. आकडाच होता.’ आणि पुढच्या पंगतीकडे गेली.

आमच्या स्नेह्यांची बाजूही मी समजू शकतो. त्यांची नोकरी २००९ मध्येच गेली होती, आणि प्रॉपर्टी टॅक्स तुम्हाला नोकरी आहे का ते विचारत नाही. माझ्या मते ह्या राज्याचं खरं दुखणं इथंच आहे. इन्कम टॅक्स मिळकत घटली की घटतो. घरावरचा कर मात्र, घर कागदावर चार लाखांचं असलं आणि खिशात चारशे असले, तरी तेवढाच. १९७६ साली न्यायालयाने शाळा बंद करायची वेळ आणली तेव्हा कुठे हे राज्य इन्कम टॅक्स लावायला तयार झालं. तो पैसा घरपट्टीचा भार हलका करायला वापरायचा असं घटनेतच लिहिलंय. भार किती हलका झालाय ते आपण दर तीन महिन्यांनी पाहतोच.

आता मी निवृत्त आहे, मुलं बॉस्टन आणि डेन्व्हरला. घर विकून नॉर्थ कॅरोलायनात जा, असं सगळे सांगतात. मी हिशेब मांडतो, सौ. तो बाजूला ठेवते. २०१० पासून घरपट्टीची वाढ साधारणपणे वर्षाला २ टक्क्यांवर अडवलेली आहे, आणि त्या मर्यादेत राहणाऱ्या बहुतेक शाळांच्या बजेटवर आता मतदान होत नाही. जाहीर सुनावणी मात्र दर वसंतात होते. गेल्या वेळी आम्ही दोघं गेलो होतो. कोण कमी होणार, त्याची यादी वाचायला सुपरिंटेंडेंटना वीस मिनिटं लागली. दोनशे खुर्च्यांत तीसेक माणसं होती, आणि आमच्याखेरीज मराठी कुणी दिसलं नाही.