कुठे होतो आपण?

माणसांचे दोन प्रकार असतात. वाचता वाचता झोप आली की पुस्तकात बसचं तिकीट घालून ठेवणारे, आणि सरळ पानाचा कान पिरगाळणारे. मी तिसऱ्या प्रकारात मोडतो. मी पुस्तक मिटतो, कपाटात ठेवतो, कपाटाला कुलूप लावतो आणि दुसऱ्या दिवशी पान एकपासून सुरुवात करतो. त्यामुळे कित्येक कादंबऱ्यांतल्या नायिका माझ्यापुरत्या अजून माहेरीच आहेत.

हा नोकरीचा गुण. वीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसलं की एक गोष्ट हाडात मुरते : उघडलेलं मिटल्याशिवाय उठायचं नाही. रोकड जुळली पाहिजे, ड्रॉवर बंद झाला पाहिजे, मगच घर. घरीही झोपण्यापूर्वी मी गॅसचा कॉक तीनदा बघून येतो. सौभाग्यवती म्हणतात, "अहो, सिलिंडर कालच संपलाय!"

अशा माणसाला प्रोग्रॅमिंग शिकवायचं आमच्या कन्येनं मनावर घेतलं. बारावीचा निकाल लागला होता, हॉस्टेलला जायला महिना होता आणि घरात छळायला दुसरं कोणी नव्हतं. निमित्त झालं माझ्या आईच्या मुदत ठेवींचं. सात पावत्या, सात तारखा, आणि मुक्काम शेवयांच्या डब्यात. "बाबा, तू बँकेत ना? मग आजीची ठेव कधी संपते हे तुला डब्याला विचारावं लागतं?" प्रश्न बिनतोड होता. मग ठरलं, कुठली ठेव कधी पिकते नि व्याज किती, हे सांगणारा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहायचा. व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळवायचं असतं हे मला पाठ होतं. ते संगणकाला समजावणं म्हणजे नवीन शिपायाला साहेबांचा चहा समजावण्यासारखं.

रोज रात्री दहाला आम्ही बसायचो. तिनं व्हीएस कोड नावाचा एडिटर घालून दिला होता. ती विचारायची, "हं, कुठे होतो आपण?" आणि तिथेच घोडं पेंड खायचं. एडिटर उघडला की समोर स्वागताचं पान! कालची फाइल गायब. रोज नव्यानं ओळख. आमच्या शाखेत दहा लाखांची ठेव घेऊन आलेल्याचंसुद्धा इतकं स्वागत होत नाही.

मग शोध सुरू. 'ठेव', 'ठेव नवीन', 'ठेव शेवटची', 'ठेव शेवटची खरी'. तासातली वीस मिनिटं यातच जायची. एरवी वीस मिनिटांचं मला काय! पण कॅलेंडरवर तिच्या जाण्याच्या तारखेभोवती सौभाग्यवतींनी लाल गोल केला होता, आणि मी ठरला हिशेबी माणूस.

ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, व्हीम वापरा." ब्राम मूलेनार नावाच्या डच गृहस्थांनी १९९१ साली लोकांना दिलेला हा एडिटर. त्यात अवतरणाचं एक चिन्ह आणि शून्य दाबलं की मागच्या खेपेला जिथून बाहेर पडलो, नेमके त्याच ओळीवर हजर! मी हर्षानं उघडला. पहिल्याच पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, अशी विनंती होती. माणूस सज्जन असणार. पण 'जिथून बाहेर पडलो' यातलं बाहेर पडणंच मला जमेना. शेवटी संगणकाची वायर उपटली.

मग सेटिंगांत शिरलो. तिथे 'रिस्टोअर विंडोज' नावाचं कलम सापडलं. 'नन' म्हणजे काही उघडू नका, 'ऑल' म्हणजे सगळं उघडा, पण तुम्ही एखाद्या फायलीवरच टिचकी मारून आलात तर जुनं राहू द्या. आणि 'प्रिझर्व्ह' म्हणजे काही झालं तरी जुनं उघडाच. मी 'प्रिझर्व्ह' निवडलं. विजयी मुद्रेनं दुसऱ्या रात्री बसलो. पुन्हा स्वागत!

त्या रात्री काम संपल्यावर मी आवरत होतो आणि कन्या मागे उभी होती.

"बाबा, काय करतोयस?"

"बंद करतोय." मी एकेका फायलीच्या फुलीवर टिचकी मारत होतो. सगळ्या मिटल्या की मग खिडकी बंद. डे-एंड!

तिनं कपाळावर हात मारला. "अरे, जे उघडं ठेवून जाशील तेच तो उद्या उघडणार ना! तू त्याच्याकडे लक्षात ठेवायला काही शिल्लकच ठेवत नाहीस. फायली तशाच राहू दे, नुसती खिडकी मिट. लिहिलेलं सेव्ह केलं नसलंस तरी तो सांभाळतो."

महिनाभर एडिटर अत्यंत प्रामाणिकपणे माझं रिकामं टेबल मला परत देत होता.

उघडी फाइल टाकून उठणं सोपं नव्हतं. पहिल्या रात्री दोनदा उठून बघून आलो. पण दुसऱ्या दिवशी एडिटर उघडला आणि कर्सर अर्ध्या ओळीवर, काल सोडला तिथेच लुकलुकत उभा! त्यानंतर 'कुठे होतो आपण' हे कुणी विचारलं नाही. तोवर दिवस चारच उरले होते.

ती गेली. त्या रात्री दहाला सवयीनं बसलो. फाइल आपोआप उघडली. शेवटी तिनं टाइप केलेली एक ओळ होती. आधी ते चौकडीचं चिन्ह. त्याच्यापुढचं पायथन वाचत नाही, ते माणसांसाठी असतं. लिहिलं होतं : 'बाबा, इथून पुढे तू. अडलं तर फोन कर.'

मी बराच वेळ काही टाइप केलं नाही. मग ती ओळ तशीच ठेवून खाली लिहायला लागलो.

आता प्रोग्रॅम चालतो. आजीच्या सातही पावत्या त्यात आहेत. फक्त सातव्या ठेवीत एक रुपयाचा फरक येतो. तो कुठे आहे हे मला केव्हाच कळलंय. पण फोन करायला काहीतरी अडायला हवं ना! वीस वर्षांत पहिल्यांदाच मी रुपया जुळलेला नसताना, फाइल उघडी टाकून, शांतपणे झोपायला जातो.

गॅसचा कॉक मात्र बघूनच.