परक्या गाडीचा मुखवटा

जुन्या फोर्ड मोटारीस दुसऱ्याच एखाद्या गाडीचे तोंड बसवावे की काय, आणि बसवावयाचे तर कोणाचे, हा प्रश्न पुण्यात बसून सोडविण्याचा योग आमच्या पत्रिकेत कोणाही ज्योतिष्यास दिसला नव्हता. परंतु कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आमच्या भाच्याने १९२९ सालच्या फोर्ड 'मॉडेल ए' रोडस्टरचा सांगाडा विकत घेतला, तिची 'हॉट रॉड' करण्यास आरंभ केला, आणि तिच्या मुखवट्याविषयी मामांचे मत मागितले. मागितलेले मत न देण्याइतका संयम आमच्या घराण्यात कोणापाशीच नाही.

हॉट रॉड म्हणजे जुन्या, स्वस्त गाडीचा फाफटपसारा काढून टाकून आणि तीत अधिक जोरकस एंजिन बसवून केलेली वेगाची गाडी. दक्षिण कॅलिफोर्नियातील म्युरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या तळावर तेथील तरुण मंडळी अशा गाड्या पिटाळीत. १९३७ साली त्यांनी शर्यतींची वेळ मोजण्यासाठी आपली एक संघटनाही स्थापिली. खिसा हलका असल्यामुळे मोडीत जे मिळेल ते लावावे, हा या कलेचा मूळ धर्म. पुढे असे झाले की, १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत ६५ अश्वशक्तीचे आठ सिलिंडरांचे एंजिन आणले, आणि त्याच गाडीच्या रेडिएटरभोवती एक पत्र्याचे कवच व त्यात उभ्या सळ्यांची जाळी बसविली. यास तिकडे 'ग्रिल शेल' म्हणतात. आम्ही मुखवटा म्हणू. तो इतका सुडौल साधला की 'मॉडेल टी' काय आणि 'मॉडेल ए' काय, सर्वांच्या तोंडावर तोच चढला. आता तर तो नवा कोरा घडवून विकतात. टोपणाचे भोक आधीच बुजविलेले, हँडल घालण्याची जागाही नाही! बंडखोरांच्या बंडासही अखेर गणवेष ठरला तो असा.

"मामा, या गाड्या रांगेने उभ्या राहिल्या की एका आईची लेकरे वाटतात," असे भाच्याचे गाऱ्हाणे होते, आणि ते आम्हांस पटले. निराळे तोंड लावणे हे काही पाखंड नव्हे. १९५० साली ओकलंडच्या प्रदर्शनात 'अमेरिकेतील सर्वांत सुंदर रोडस्टर' हा मान पहिल्याने मिळाला, तोही १९२९ च्या एका 'मॉडेल ए' लाच. आणि तिचे नाक शर्यतीच्या गाडीप्रमाणे हाताने घडविलेले होते.

पोमोना येथील सुट्या भागांच्या जुन्या बाजारात भाच्यास १९३२ सालच्या ग्रॅहॅम 'ब्लू स्ट्रीक' गाडीचा मुखवटा सापडला. एमस नॉर्थप या कल्पक कारागिराने रेखाटलेली ही गाडी आपल्या काळाच्या पुढे होती. जाळी मागे कललेली, रेडिएटरचे टोपण बॉनेटखाली लपविलेले, आणि चाकांवरील पंख्यांस खाली पदर सोडलेले. इतर कारखानदारांनी तिचे अनुकरण केले, पण ग्रॅहॅमचा मोटारींचा धंदा १९४० च्या सुमारास आटोपला.

आमची पहिली शंका प्रमाणाविषयी होती. ग्रॅहॅमच्या पुढल्या व मागल्या चाकांतील अंतर १२३ इंच. 'मॉडेल ए' चे १०३½. थोरल्या घरचा मुखवटा धाकट्या धडावर चढविला म्हणजे गाडी नाक वर करून चालल्यासारखी दिसते. म्हणून आम्ही लिहिले की, आधी पुठ्ठ्याचा मुखवटा कापून जागेवर उभा करावा, त्याच्या माथ्यापासून पुढल्या काचेच्या पायथ्यापर्यंत दोरी ताणावी, आणि वीस पावले दूर जाऊन पाहावे. दोरी काचेकडे किंचित चढत गेली तर गाडी धावण्याच्या पवित्र्यात दिसते; उलट उतरली तर बसलेल्या बैलासारखी. दुसरी अडचण उताराची. 'मॉडेल ए' काटकोनात वाढलेली. तिला कललेले तोंड दिले की बॉनेटच्या कडा व त्यावरील झरोकेही कलते करावे लागतात, नाही तर गाडीचा पुढला भाग एक बोलतो आणि मागला दुसरे. शिवाय भाच्याने बसविलेल्या फोर्डच्या जुन्या व्ही-एट एंजिनात धुराडी ठोकळ्यातूनच, थंड करणाऱ्या पाण्याच्या अंगावरून जातात, म्हणून ते तापट. मुखवटा रुंदीस कमी करून रेडिएटरचे तोंड आवळले तर सौंदर्य पहिल्याच चढावर वाफाळू लागेल.

हे सर्व त्याने आनंदाने मान्य केले. वाद झाला तो दुसऱ्या शंकेवर. गजाननाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. परके मस्तक त्यास असे शोभले की मूळचे कोणास आठवत नाही. पण घरोघरी सांगतात त्या कथेत, ज्या हत्तीचे मस्तक गेले त्याची चौकशी कोणी करीत नाही. फोर्डच्या त्या गाड्या लक्षावधींनी निघाल्या. ग्रॅहॅमचे तसे नाही. एखाद्या वृद्ध गृहस्थाची गाडी याच एका तोंडावाचून कोठे अडून बसली असेल, तर तिच्यावर करवत चालविणे आम्हांस प्रशस्त वाटेना. "पण मामा, मोडीतले घेणे हाच तर आमचा धर्म!" भाचा म्हणाला. होय, परंतु त्या काळी मोडीत असे ते खरोखरच मोड असे. आज तेच दुर्मिळ झाले आहे, आणि शब्द तोच राहिला तरी कृत्य तेच राहत नाही.

अखेर त्याने ग्रॅहॅम गाड्या जतन करणाऱ्यांस छायाचित्रे पाठविली. उत्तर आले की, कवचाची खालची कड गंजून गेली आहे आणि कोणी पूर्वीच्या धन्याने दिव्यांसाठी दोन्ही अंगांस भोके पाडली आहेत, तेव्हा त्याचा उपयोग नाही. पण आतील जाळी मात्र शाबूत असून तिची एकास नड आहे. भाच्याने जाळी त्यास देऊन टाकली व कवच ठेवले.

आता ते कवच गंजाच्या बाजूने तीन इंच कापले आहे. नव्या जाळीच्या सळ्या तो स्वतः वळवीत असून अद्याप निम्म्याच झाल्या आहेत. बॉनेट अजून पुठ्ठ्याचेच आहे. टोपण मात्र ग्रॅहॅमप्रमाणे बॉनेटखालीच लपवावे, याविषयी मामा-भाच्यांचे पूर्ण एकमत आहे.