ऑक्सफर्डचा सायकलवाला

ॲम्बॅसेडर गाडी माहीत नाही असा माणूस आमच्या पिढीत सापडणार नाही. कलेक्टर, मंत्री, साखर कारखान्याचे चेअरमन, सगळे त्याच गाडीतून उतरायचे. पांढरा रंग, खिडक्यांना पडदे, टपावर लाल दिवा. ती गाडी आपल्याला इतकी 'आपली' वाटायची की तिचं माहेर विलायतेत आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नसे. मूळची ती 'मॉरिस ऑक्सफर्ड', तिसरी आवृत्ती. निवृत्तीनंतर वाचायला वेळ भरपूर. एकातून दुसरं निघत गेलं आणि मी त्या मॉरिसच्या मागे लागलो. आज त्याच्याबद्दल लिहायचं आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

विल्यम रिचर्ड मॉरिस. जन्म १० ऑक्टोबर १८७७, इंग्लंडमधल्या वूस्टर गावचा. तीन वर्षांचा असताना कुटुंब ऑक्सफर्डला आलं. आता ऑक्सफर्ड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काळे झगे घातलेले विद्वान येतात. पण त्या शहरात विद्यापीठाच्या भिंतीबाहेरही माणसं राहत होती, आणि त्यांच्या मुलांना त्या भिंतीच्या आत जाण्याची स्वप्नंसुद्धा पडत नसत. विल्यमला म्हणे सर्जन व्हायचं होतं. पण वडिलांची तब्येत ढासळली, घरची परिस्थिती बेताची, आणि पंधराव्या वर्षी शाळा सुटली. एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात तो उमेदवारीला लागला. नऊ महिन्यांनी त्याने पगारवाढ मागितली, मालकाने नाही म्हटलं. तेव्हा या सोळा वर्षांच्या पोराने चार पौंड भांडवलावर जेम्स स्ट्रीटमधल्या आपल्या घराच्या मागच्या शेडमध्ये स्वतःचं दुकान थाटलं.

मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. अशी मुलं प्रत्येक वर्गात एखाद-दुसरी असतातच. वहीत शुद्धलेखनाच्या चुका ढिगाने, पण शाळेची घंटा, पंपाची मोटर, सरांची स्कूटर बंद पडली की सगळे त्यांनाच शोधत जातात. नववी-दहावीत ती गळतात आणि पुढच्या वर्षी हायवेवरच्या गॅरेजात काळ्या हातांनी दिसतात. "सर, नमस्कार" म्हणतात, आणि हात पुसायला फडकं शोधतात. म्हणून मॉरिसची हकीगत वाचताना मी मोटारींपेक्षा त्या मुलाकडेच जास्त बघत होतो.

सायकली दुरुस्त करता करता तो स्वतः सायकली बनवू लागला आणि त्यांवर बसून शर्यती जिंकू लागला. मग मोटरसायकली आल्या, मग मोटारींचं गॅरेज. मधे एका भागीदारीच्या धंद्यात तो पार बुडाला. लिलावात स्वतःचीच हत्यारं त्याला कर्ज काढून परत विकत घ्यावी लागली. यापुढे शक्यतो कुणाच्या भागीदारीत पडायचं नाही, हा धडा तो तिथे शिकला असावा. त्याच्या पुढच्या वागण्यावरून तरी तसं दिसतं.

१९१२ च्या लंडनच्या मोटार प्रदर्शनात मॉरिसजवळ दाखवायला गाडीच नव्हती, फक्त नकाशे होते. ते कागद बघून गॉर्डन स्ट्यूअर्ट नावाच्या विक्रेत्याने चारशे गाड्यांची ऑर्डर दिली! १९१३ मध्ये पहिली 'मॉरिस ऑक्सफर्ड' बाहेर पडली. पुढचा भाग गोलसर, म्हणून लोक तिला 'बुलनोज' म्हणू लागले. इंजिन कॉव्हेंट्रीच्या 'व्हाइट अँड पॉपी' कंपनीचं, ॲक्सल बर्मिंगहॅमच्या रिगली कंपनीचे, चाकं सँकी कंपनीची, बॉडी ऑक्सफर्डच्याच रॅवर्थकडून. मॉरिसचं काम काय, तर चांगले भाग निवडायचे, भाव पाडून घ्यायचे आणि जोडायचे. आज सगळ्या जगात हीच पद्धत आहे, तेव्हा तिला 'नुसती जुळवाजुळव' म्हणून नाकं मुरडली जात. पण यात एक मोठी सोय होती. स्वतःचे कारखाने उभारण्यात पैसा अडकत नसे, आणि पुरवठादारांची बिलं भरायच्या आत गाड्या विकून पैसे हातात येत.

आणि कारखाना कुठे, माहीत आहे? ऑक्सफर्डजवळ काउली नावाचं खेडं होतं, तिथल्या एका बंद पडलेल्या शाळेत! त्याच जागी पूर्वीच्या शाळेत मॉरिसचे वडील शिकले होते. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून जरा वेळ बसलो. शाळा बंद पडणं म्हणजे काय ते आम्हा मास्तरांना विचारा. पण त्या वर्गखोल्यांमधून पुढे अर्ध्या इंग्लंडला चाकं मिळाली, हेही खरंच.

पहिल्या महायुद्धानंतर मंदी आली. १९२१ च्या सुरुवातीला काउलीच्या आवारात न विकलेल्या गाड्या उभ्या होत्या. इतर कारखानदार किंमत वाढवून तोटा भरून काढायच्या विचारात, आणि मॉरिसने काय करावं? एकेका गाडीमागे शंभर पौंडांपर्यंत किंमत उतरवली. सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण आवार रिकामं झालं. त्याच वर्षी पुन्हा एकदा किंमत कमी केली. १९२४ पर्यंत मॉरिसने इंग्लंडमध्ये फोर्डलाही मागे टाकलं आणि १९२५ साली वर्षाला पन्नास हजारांवर गाड्या काउलीतून बाहेर पडू लागल्या. दक्षिण वेल्समधल्या कोळशाच्या खाणी बंद पडत होत्या, तिथली माणसं पोटासाठी काउलीला येऊन राहिली. खेड्याचं शहर झालं. एका बाजूला कॉलेजांचे मनोरे, दुसऱ्या बाजूला भोंग्यावर धावणारी कामगार वस्ती, असं दोन तोंडांचं ऑक्सफर्ड तयार झालं.

आता एवढं कौतुक केलं म्हणून माणूस देवमाणूस होता असं समजू नका. कामगार संघटनांचं त्याला वावडं होतं. ओसवल्ड मोझले, जो पुढे इंग्लंडमधल्या फॅसिस्टांचा पुढारी झाला, त्याच्या 'न्यू पार्टी'ला मॉरिसने पन्नास हजार पौंड दिले होते. हाताखालच्या कर्तबगार माणसांशी त्याचं फारसं जमत नसे. लेनर्ड लॉर्ड हा त्याचा अत्यंत हुशार व्यवस्थापक. १९३६ मध्ये दोघांचं बिनसलं, लॉर्ड बाहेर पडला आणि थोड्याच काळात प्रतिस्पर्धी ऑस्टिन कंपनीत जाऊन बसला. याचं मोल पुढे फार मोठं द्यावं लागलं.

दुसरी गोष्ट मायनरची. स्मर्ना इथे जन्मलेला ॲलेक इसिगोनिस नावाचा इंजिनीयर मॉरिसकडे होता. त्याने युद्धाच्या काळात एक छोटी गाडी आखली. नमुना तयार झाल्यावर ती त्याला फार अरुंद वाटली, म्हणून त्याने ती उभी मधोमध कापायला लावली आणि दोन अर्ध्या भागांमध्ये चार इंच भर घातली! त्या गाडीच्या बॉनेटवर मधोमध जी पट्टी दिसते ती त्याचीच खूण. मॉरिसने (तोपर्यंत तो लॉर्ड नफील्ड झाला होता) ही गाडी पाहून 'पोच्ड एग' म्हणून हेटाळणी केली. १९४८ मध्ये ती 'मॉरिस मायनर' म्हणून बाजारात आली आणि १९६० साल सरता सरता दहा लाखांचा आकडा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी ठरली. पस्तीस वर्षांपूर्वी कागदावरचा नकाशा दाखवून लोकांना भविष्य बघायला लावणारा माणूस, समोर उभी असलेली गाडी त्याला दिसली नाही. वय माणसाचं असं करतं का? मी सत्तरी ओलांडली आहे, म्हणून हा प्रश्न मला जरा जास्तच बोचतो.

१९५२ मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन या हाडवैरी कंपन्या एकत्र आल्या, 'ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन' झाली. नफील्ड पहिला अध्यक्ष, पण वर्षाच्या आत तो बाजूला झाला आणि त्या खुर्चीवर लेनर्ड लॉर्ड बसला. एकत्र झाले ते कागदोपत्रीच. १९५९ ची सुप्रसिद्ध 'मिनी', इसिगोनिसचीच, पण ती मॉरिस आणि ऑस्टिन अशा दोन वेगळ्या नावांनी दोन वेगळ्या दुकानांतून विकली जात होती. दोन चुली मोडून एक घर करायचं आणि स्वयंपाक मात्र वेगवेगळा ठेवायचा, असा तो संसार. १९६८ मध्ये त्यातून 'ब्रिटिश लेलँड' झाली, १९७५ मध्ये ती सरकारला ताब्यात घ्यावी लागली. संप, रखडलेली नवी मॉडेलं, हिशेबाचा घोळ, परदेशी गाड्यांची स्पर्धा. दोष एकाच्या माथी मारता येत नाही. १९८४ साली 'मॉरिस इटल' बंद झाली आणि मॉरिस हे नाव गाडीवरून पुसलं गेलं. काउलीचे जुने कारखाने नव्वदच्या दशकात पाडले. त्यांच्या शेजारच्या जागेत मात्र २००१ पासून 'मिनी' बनते. मालक जर्मन, बीएमडब्ल्यू.

आणि आपली ॲम्बॅसेडर? मॉरिस ऑक्सफर्डची ती तिसरी आवृत्ती इंग्लंडात १९५६ ते १९५९, जेमतेम तीन वर्षं चालली. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस घेतली आणि २०१४ पर्यंत चालवली! माहेरची माणसं गेली, घर पडलं, नाव बुडालं, पण लेक सासरी पन्नास वर्षांवर नांदत राहिली. त्यात कौतुक किती आणि लायसन्स-परमिटच्या बंद दारांचा भाग किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. ती कुठल्याही गावात, कुठल्याही मिस्त्रीकडून दुरुस्त होत असे, हे मात्र कबूल करावं लागेल. सायकलवाल्याच्या नावाला ते शोभण्यासारखंच होतं.

पण मला हे सगळं लिहावंसं वाटलं ते वेगळ्याच कारणाने. मॉरिसला मूलबाळ नव्हतं. आयुष्यात त्याने सुमारे तीन कोटी पौंड दान केले. १९३६ मध्ये ऑक्सफर्डच्या वैद्यकीय शाखेला वीस लाख पौंड दिले, तेव्हा त्याने हट्ट धरला की भूलशास्त्राचंही प्राध्यापकपद हवं. विद्यापीठातल्या मंडळींना भूल देणं हा काही स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे हेच पटत नव्हतं. शेवटी मानलं, आणि १९३७ मध्ये रॉबर्ट मॅकिंटॉश हे युरोपातले भूलशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी, पोलिओच्या रोग्यांना श्वास देणारं बोथ यांचं यंत्र, 'आयर्न लंग', मॉरिसने मोटारींच्या कारखान्यात बनवायला घेतलं आणि ब्रिटिश साम्राज्यातल्या मागेल त्या इस्पितळाला फुकट दिलं. सुमारे १७०० यंत्रं! सर्जन व्हायचं राहून गेलेल्या पोराने असं काहीतरी केलं.

१९३७ मध्येच त्याने कॉलेजसाठी जागा आणि नऊ लाख पौंड दिले. त्याला हवं होतं इंजिनीयरिंग आणि हिशेबशास्त्राचं कॉलेज, म्हणजे त्याच्यासारख्या हात काळे करणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल असं. विद्यापीठाने गोड बोलून ते समाजशास्त्रांकडे वळवलं. त्याला ते लागलं. आपली फसवणूक झाली असं त्याला बरीच वर्षं वाटत होतं. पण पैसे त्याने परत मागितले नाहीत, आणि शेवटी राहतं घरसुद्धा त्याच कॉलेजला ठेवलं. त्या घरात त्याच्या झोपण्याच्या खोलीत एक कपाट आहे. उघडलं की आत कपडे नाहीत, हत्यारं! पाने, पकडी, कानशी. इंग्लंडमधला एक अत्यंत श्रीमंत माणूस रात्री झोप आली नाही की उठून तिथे काहीतरी दुरुस्त करत असणार, असं माझ्या मनात येतं. २२ ऑगस्ट १९६३ ला, पंच्याऐंशीव्या वर्षी तो गेला.

आम्ही शिक्षक मुलांना 'हुशार' आणि 'ढ' अशा दोन रांगांत बसवत आलो. ती सगळी व्यवस्थाच तशी होती, अजूनही आहे. ज्याला विद्यापीठाच्या दारात उभं राहता आलं नाही त्याने विद्यापीठाला नवा विषय शिकवला, ही गोष्ट शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगायला हवी असं मला वाटतं. सगळेच मॉरिस होणार नाहीत, हे उघड आहे. पण गॅरेजात भेटणारा मुलगा हात पुसायला फडकं शोधतो, तेव्हा आपण त्याच्या काळ्या हातासकट तो हात हातात घ्यावा, एवढं तर आपल्याला जमेल ना?

असो. फार लांबलं. जाता जाता एक गंमत. २०१९ पासून आपल्या रस्त्यांवर 'एमजी'च्या गाड्या दिसतात. बनतात गुजरातेत हलोलला, मूळ मालकी चिनी कंपनीकडे. पण ती दोन अक्षरं म्हणजे 'मॉरिस गॅरेजेस', त्या सायकलवाल्याचं ऑक्सफर्डमधलं गॅरेज. नातवंडं शेजारी असली तर सिग्नलला थांबल्यावर जरूर सांगा.